लंडनमधला अर्हत: मातीच्या एका भिक्खूच्या भेटीला

नागपुरात माझा छोटासा पॉटरी स्टुडिओ आहे. रोजचं काम वाडगे, मग, कुंड्या यांचं. मनातलं काम मात्र मूर्तींचं. चीनमधल्या यीश्यानच्या अर्हतांचे फोटो मी कित्येक वर्षं जपून ठेवलेत. अर्हत म्हणजे साधनेने मुक्त झालेला भिक्खू. हे भाजलेल्या मातीचे, झिलई (भट्टीत वितळून मातीवर बसणारा काचेसारखा थर) दिलेले, जवळजवळ माणसाएवढे भिक्खू. त्यातला एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माझा आत्तेभाऊ हॅरोत राहतो. या ऑक्टोबरात त्याच्याकडे जायचं ठरलं तेव्हाच सांगून टाकलं होतं, की राजवाडा, घड्याळ, पाळणा हे सगळं तुम्ही फोटोत दाखवलंत तरी चालेल, मला म्युझियममध्ये बसू द्या.

गुरुवार

मुंबईहून निघालेलं विमान हीथ्रोला दुपारी उतरलं. बाहेर बारीक पाऊस पडत होता. आपल्याकडे पाऊस म्हणजे आडोसा शोधायचा. इथे कोणी पावलांचा वेगसुद्धा बदलत नव्हतं. वहिनीने घरी मऊ भात, वरण आणि वर कढवलेलं तूप असं साधंच जेवण केलं होतं. दारापुढच्या झाडांची पानं पिवळी पडून ओल्या फूटपाथवर चिकटली होती. साडेसहालाच अंधारून आलं. झोपण्यापूर्वी म्युझियमच्या वेबसाइटवर उद्याचं तिकीट काढून ठेवलं. प्रवेश फुकट आहे, पण वेळ आधी आरक्षित केलेली बरी, रांगेत उभं राहावं लागत नाही.

शुक्रवार

मी मुद्दाम शुक्रवार धरला होता. इतर दिवशी म्युझियम पाचला बंद होतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. आणखी एक सांगते. बहुतेक लोक ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या खांबांच्या मोठ्या दारातून आत जातात. आशियाई दालन बघायचं असेल तर मागच्या बाजूने, माँटेग्यू प्लेसच्या दाराने जा. गर्दी कमी असते आणि रूम ३३ तिथून अगदी जवळ.

त्या बाजूच्या जिन्यात अमिताभ बुद्धाची प्रचंड संगमरवरी मूर्ती उभी आहे. पावणेसहा मीटरच्या आसपास उंच, सन ५८५ ची, सुई राजवटीतली, हबेई प्रांतातून आलेली. जिना चढताना ती एकेका मजल्यावरून दिसत राहते. आधी पायाशी, मग कमरेशी, मग चेहऱ्याशी. हातांचे पंजे गेलेले आहेत, तरी तिची शांती कमी झालेली नाही. या मूर्तीपुढे मान वर करावीच लागते. ती घडवणाऱ्यांना तेच हवं असणार.

रूम ३३ हे लांबच लांब दालन आहे. मधून आत शिरलं की एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला भारत आणि दक्षिण आशिया. २०१७ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली. मी थेट चीनच्या बाजूला वळले. वाटेत ल्यू तिंगशुन नावाच्या सेनापतीच्या थडग्यातल्या मूर्ती लागतात. हा सेनापती ७२८ मध्ये वारला. घोडे, उंट, द्वारपाल, अधिकारी अशी अख्खी मिरवणूक मातीची. त्यांच्यावर मध, हिरवा आणि साय अशा तीन रंगांची झिलई आहे, चिनी लोक तिला सान्साई म्हणतात. शिशाच्या झिलईत तांबं मिसळलं की हिरवा, लोखंड मिसळलं की मधाळ पिवळा. भट्टीत शिसं पातळ होऊन वाहतं, म्हणून हे रंग कडांवर थांबत नाहीत, खाली ओघळतात. ही तांग राजघराण्याच्या काळाची पद्धत लक्षात ठेवून मग अर्हताकडे जावं, म्हणजे त्या कारागिरांनी हीच साधनं वापरून काय वेगळं केलं ते उमगतं.

तो काचेच्या मागे बसला आहे. मांडी घातलेली, हात मांडीत, पाठ ताठ. अंगावर हिरव्या-पिवळ्या झिलईचं चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र. ओळखीच्या फोटोंमध्ये रंग नेहमी भडक दिसतात, प्रत्यक्षात ते खोल आणि ओलसर आहेत. मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र चेहरा. हा चेहरा कुठल्याही देवाचा नाही. कपाळाला किंचित आठी आहे, गालांना वजन आहे, ओठ घट्ट मिटलेले आहेत. कानाच्या पाळ्या लांब, पण त्या सोडल्या तर तो रेल्वेच्या डब्यात आपल्यासमोर बसलेला पन्नाशीचा गृहस्थ असावा इतका खरा. डोळे मिटलेले नाहीत. तो बघतो आहे, पण आपल्याकडे नाही.

ध्यानस्थ मूर्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मंद स्मित, अर्धोन्मीलित नेत्र, गुळगुळीत गाल येतात. इथे ध्यान हे कष्टाचं काम आहे. मन पळतंय आणि हा माणूस त्याला पुन्हा पुन्हा परत आणतोय, ते त्याच्या भुवयांत दिसतं. मला या मूर्तीबद्दल सांगायचं आहे ते हेच. ज्याने कोणी हा चेहरा घडवला, त्याने एखाद्या भिक्खूला खरोखर बसलेलं, खूप वेळ पाहिलं असणार. असा चेहरा नुसत्या कल्पनेतून येत नाही.

पॉटर म्हणून मी तिथे वेगळंच काहीतरी मोजत होते. एवढी मोठी मूर्ती पोकळच करावी लागते. माती जाड राहिली तर आतला ओलावा भट्टीत वाफ होऊन तुकडे उडवतो. पोकळ केली तर वाळताना मान, खांदे, मांडीची घडी इथे तडे जातात, कारण पातळ भाग आधी आकसतो आणि जाड भाग मागे राहतो. माझ्या स्टुडिओत हातभर उंचीची बैठी मूर्ती सावकाश वाळवायची म्हणजे ओली फडकी, प्लास्टिक आणि आठवडेच्या आठवडे. इथे तर पुरुषभर देह आहे. मग भट्टी. झिलईसाठी ती किती काळजीने तापवली आणि किती सावकाश थंड होऊ दिली असेल, याचा विचार करूनच मला घाम फुटला. आणि असे एक-दोन नव्हेत, सोळा किंवा अठरा अर्हतांचा अख्खा संच असावा असं मानतात.

चीवराकडे बघताना बाजूला उभं राहून पाहा. कापडाचे तुकडे शिवलेले असावेत तशा पट्ट्या आखलेल्या आहेत. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, कथा आहे: दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांनी मगधातली बांधांनी आखलेली भातशेतं आनंदाला दाखवली आणि चीवर असं करता येईल का, असं विचारलं. आनंदाने तसं कापून शिवलं. मगधातल्या शेतांचे ते बांध इथे चिनी कारागिराने झिलईत उतरवले आहेत. एका पट्टीजवळ हिरवा रंग शेजारच्या मधाळ रंगात उतरलाय, ओघळ घडीच्या खोलगट भागात जाऊन थांबलाय. तिथे झिलई दाट साचून जवळजवळ काळी झाली आहे. भट्टीतली वाहती झिलई आणि मातीची घडी यांचा असा मेळ बसवायला हातात किती जुनं ज्ञान लागतं, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल.

दुपारी म्युझियमच्या आवारात चहा आणि वहिनीने दिलेल्या पोळीभाजीचा डबा. (आतल्या कॅफेत खाणं महाग पडतं. डबा न्या. आवारातल्या बाकांवर बसून खाता येतं, फक्त पाऊस नको.)

आता या मूर्तींची कहाणी. १९१२ मध्ये पेर्झिन्स्की नावाचा जर्मन माणूस बीजिंगमध्ये होता. त्याला कळलं की यीश्यानजवळच्या डोंगरांतल्या गुहांमधून अशा मूर्ती विकायला येतायत. यीश्यान म्हणजे बीजिंगच्या नैऋत्येला, साधारण शंभर किलोमीटरवर. तो स्वतः तिथे गेला, डोंगर चढला. तोवर बहुतेक मूर्ती हलवल्या गेल्या होत्या, काही काढतानाच फुटल्या होत्या. त्याने त्याबद्दल जर्मनमध्ये लिहिलं, बातमी पसरली आणि पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत यातल्या मूर्ती युरोप-अमेरिकेच्या बाजारात पोचल्याही होत्या. ब्रिटिश म्युझियमकडे ही मूर्ती त्याच सुमारास आली. बर्लिनला गेलेली एक दुसऱ्या महायुद्धात हरवली. आज जगभर मिळून आठ-दहाच उरल्या आहेत. एकाच मठात शेजारी शेजारी बसावेत म्हणून घडवलेले हे भिक्खू आज वेगवेगळ्या खंडांत आहेत. डोंगरातून खाली उतरवताना फुटलेल्यांचा विचार मनातून जात नाही. माती हजार वर्षं टिकते, पण पडली की क्षणात जाते.

"हजार वर्षं" हेही जपून म्हणायला हवं. फलकावर ल्याव राजवट लिहिलं आहे, म्हणजे ९०७ ते ११२५. पण २०१६ मध्ये एका संशोधिकेने शिलालेखांचा आणि भट्ट्यांचा अभ्यास करून त्या मिंग काळातल्या, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या असाव्यात असं मांडलं. अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला ल्याव काळ मनातून पटतो, कारण चेहऱ्यांतला हा सच्चेपणा त्या काळाशी जुळतो. पण पुराव्यापुढे माझ्या पटण्याला काही किंमत नाही.

सहानंतर शाळेच्या सहली गेल्या, दालन रिकामं झालं. पलीकडे एक चिनी मुलगी बराच वेळ उभी होती. मी वहीत रेखाटन करतेय हे बघून ती जवळ आली. इथे शिकते म्हणाली, गाव पाओतिंग. मी चटकन विचारलं, "म्हणजे यीश्यान तुमच्या शेजारीच?" ती खुलली. तिच्या आजोळकडचे लोक यीश्यानचेच. तिथल्या शाई घोटायच्या दगडी पाट्या चीनभर प्रसिद्ध आहेत आणि चिंग सम्राटांची पश्चिमेकडची थडगी तिथेच आहेत, हे तिने सांगितलं. शाळेची सहल थडगी बघायला जायची. अर्हतांबद्दल तिला लंडनला आल्यावरच कळलं. "आजीला फोटो पाठवला," ती म्हणाली, "आजी म्हणाली, हा तर आपल्या गावच्या दुकानदारासारखा दिसतो." आम्ही दोघी हसलो, आणि मग कितीतरी वेळ काही न बोलता तिथेच उभ्या राहिलो.

निघण्याआधी दालनाच्या भारताच्या टोकालाही गेले. शेजारच्या ३३अ मध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. आंध्रातला तो पांढरा चुनखडीचा दगड, त्यावरची ती दाटीवाटीची, हलती माणसं. एका टोकाला आपल्या मातीतला बुद्धधम्म, दुसऱ्या टोकाला त्याचं चिनी रूप आणि मधे चालायचं ते एकच दालन. या दोन टोकांना जोडणारा माणूस युआन च्वांग, आपल्या पाठ्यपुस्तकातला ह्यु एन त्संग. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात. इथल्या डोंगरातल्या एका लेण्याचं वर्णन त्याने केलं आहे आणि ते एका अर्हताने उभारलं असं म्हटलंय. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल या भिक्खूचं नाव येतं. तो अर्हत आणि हा अचल एकच, असं अभ्यासक मानतात. हाच युआन च्वांग मायदेशी परतल्यावर ६५४ मध्ये सोळा अर्हतांची माहिती देणाऱ्या एका ग्रंथाचं चिनी भाषांतर करतो. तिथून चीनमध्ये सोळा अर्हत घरोघरी पोचतात, चित्रांत येतात, मग मातीत. अजिंठ्याबद्दल लिहिणाऱ्या माणसाच्या लेखणीतून निघालेला हा धागा थेट या काचेपर्यंत येतो, हे मला तिथे उभं असताना फार जवळचं वाटलं.

शनिवार

आज आत्तेभावाला सुट्टी. सकाळी ऊन पडलं होतं, लंडनकर उन्हात वेगळेच दिसतात. चॉक फार्म स्टेशनला उतरून किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरी गेलो. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले. दारावर निळी पाटी आहे. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं आणि तिथे स्मारक केलं. एकाला एक लागून घरांची रांग आहे, त्यातलंच हे एक. पाटी नसती तर ओळखू येणार नाही. (जायच्या आधी उघडं असण्याच्या वेळा नक्की तपासा. आजूबाजूला लोकवस्ती आहे, दारात गलका करू नका.)

आत आम्ही होतो आणि अकोल्याचं एक जोडपं, मुलाकडे आलेलं. "जय भीम ताई, नागपूरच्या का?" काकांनी बोलण्यावरून ओळखलं. काकू जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत वर गेल्या, प्रत्येक पायरीवर थांबत. भिंतीवरचे फोटो आणि मजकूर त्या अक्षर न अक्षर वाचत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून बेसनाचे लाडू काढून आम्हाला दिले, "प्रसाद नाही हो, खाऊ," असं सांगून.

काकांशी बोलता बोलता मी कालच्या अर्हताबद्दल सांगितलं. त्यांना आधी नवल वाटलं, मग म्हणाले, "अहो, बाबासाहेब तर त्याच म्युझियमच्या लायब्ररीत बसायचे ना?" खरं आहे. म्युझियमच्या मधोमध घुमटाची गोल रीडिंग रूम आहे, १८५७ ची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब तिथे सकाळी उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचत बसत. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये रुपयावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. त्या काळात यीश्यानचा भिक्खू त्याच वास्तूत होता. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं, त्यात माझे आजी-आजोबा होते. आमच्या घरी वंदना रोज होते, "अरहतो" हा शब्द लहानपणापासून तोंडात आहे. त्या शब्दाला चेहरा असू शकतो, आठी असलेलं कपाळ असू शकतं, हे मला काल काचेपाशी कळलं, असं मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, "मग आम्हीपण बघतो की. सोमवारी जमेल का?" आम्ही सोमवारची वेळ ठरवली.

दुपारी प्रिमरोज हिलवर चढलो. छोटीशी टेकडी, पण वरून अख्खं लंडन दिसतं. वारा बोचरा होता. मग यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ खायला. ही गल्ली शाकाहारी लोकांना वरदान आहे: भेळ, डोसे, मिठाई, सगळं एका रांगेत, म्युझियम आहे त्या ब्लूम्सबरी भागापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. भेळ आपल्या फुटाळ्याच्या तलावावरची नव्हे, पण चिंचेची चटणी झकास होती.

रविवार

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. साउथ केन्सिंग्टन स्टेशनपासून भुयारी वाटेने थेट दारापर्यंत जाता येतं, पावसात फार सोयीचं. मातीकाम करणाऱ्याने इथे सरळ सगळ्यात वरच्या मजल्यावर जावं. सिरॅमिक्सच्या दालनांमध्ये छतापर्यंत काचेच्या कपाटांत भांडी रचून ठेवली आहेत, देशादेशांची, शतकाशतकांची. गर्दी जवळपास नसतेच.

इथे फुजियान प्रांतातल्या तेहुआची पांढरी शुभ्र पोर्सिलेनची शिल्पं बघितली. करुणेची बोधिसत्त्व ग्वानयिन, भिक्खू बोधिधर्म, छोट्या बैठ्या मूर्ती. हस्तिदंतासारखा रंग, एकही डाग नाही, बोटांची नखंसुद्धा रेखलेली. कौशल्य म्हणाल तर अफाट. पण माझ्या डोळ्यांपुढे यीश्यानचा अर्हत होता. पोर्सिलेनच्या मूर्ती इतक्या निर्दोष आहेत की त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. तिथल्या एका स्वयंसेवक आजींना मी हे बोलून दाखवलं. त्यांनी स्वतः चाळीसेक वर्षं पॉटरी केली होती. त्या म्हणाल्या की पोर्सिलेनला बोटाचा ठसा लपवता येतो, जाड मातीला नाही. मग त्यांनी मला त्यांची आवडती भांडी दाखवली, एका जपानी चहाच्या वाडग्यापाशी तर आम्ही चांगला अर्धा तास घालवला.

या म्युझियमचं महाराष्ट्राशी एक दुखरं नातं आहे. मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात जाऊन भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. मोठमोठे कॅनव्हास, मुंबईच्या मुलांनी लेण्यांच्या अंधारात रंगवलेले. त्या प्रती लंडनला या म्युझियमकडे आल्या आणि १८८५ मध्ये इथेच लागलेल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या प्रती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. म्हणजे अजिंठा दोनदा लंडनमध्ये जळला. आगीतून वाचलेल्या प्रती म्युझियमने अजून जपून ठेवल्या आहेत. त्या मुलांची नावं अजिंठ्याच्या वाटेवर कुठेतरी मोठ्या अक्षरांत लावायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी वहिनीने वडाभात केला. हॅरोच्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास, बाहेर कडाक्याचा गारठा. भाची माझी रेखाटनं बघत होती. तिने विचारलं, "हा रागावलाय का?" मी म्हटलं, "नाही, तो लक्ष देतोय." तिला ते लगेच पटलं. गणित करताना ती स्वतःही अशीच दिसते, असं वहिनी म्हणाली.

सोमवार

ठरल्याप्रमाणे काका-काकू दहा वाजता माँटेग्यू प्लेसच्या दारात हजर. काकांनी कोट घातला होता. सुरक्षा तपासणीत दोन मिनिटं गेली. (मोठ्या बॅगा, सुटकेसी आत नेऊ देत नाहीत, थेट विमानतळावर जाणार असाल तर सामान आधी कुठेतरी ठेवा.)

जिन्यातला अमिताभ बघून काकू हात जोडून उभ्या राहिल्या. मग अर्हतापाशी आलो. मी काही सांगायच्या आधीच काका म्हणाले, "हा माणूस आहे." एवढंच. काकूंनी काचेजवळ जाऊन बघितलं, मागे सरून बघितलं, मग बाकावर बसल्या. त्या स्वतः विपश्यनेची शिबिरं केलेल्या, इगतपुरीला जाऊन आलेल्या. म्हणाल्या, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपला चेहरा असा होतो बघा. गुडघा ठणकतो, मन ऐकत नाही, पण आपण उठत नाही." शुक्रवारपासून मी जे शब्दांत पकडायला धडपडत होते, ते अकोल्याच्या या बाईंनी एका वाक्यात ठेवलं. मातीचं शास्त्र मला कळत होतं, बसण्याचं त्यांना.

दालनाच्या पहारेकऱ्याने आम्हाला एवढा वेळ एकाच जागी बघून विचारलं, की ही मूर्ती तुमच्या देशातली का? काका इंग्रजीत, सावकाश, म्हणाले, "मूर्ती चीनची. शिकवण आमच्याकडची." पहारेकऱ्याने मान डोलावली आणि एक कोपरा दाखवला, जिथून काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. कुणी गेलात तर मूर्तीच्या अगदी समोर न थांबता थोडं बाजूला सरका. कानाची पाळी, मानेवरच्या वळ्या आणि खांद्यावरून उतरणारी चीवराची कड तिथून फार सुंदर दिसते. फ्लॅश वापरू नका, त्याचा उपयोगही नाही, झिलईवर नुसता पांढरा डाग येतो. वही आणि पेन्सिल मात्र जरूर न्या.

बाकीचे कुठे आहेत तेही सांगून ठेवते, म्हणजे अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे जाणाऱ्यांना उपयोग होईल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दोन आहेत, एक तरुण आणि एक म्हातारा. एक फिलाडेल्फियात विद्यापीठाच्या पेन म्युझियममध्ये, एक बॉस्टनला म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, एक कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अ‍ॅटकिन्समध्ये, एक टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये. पॅरिसला गिमे म्युझियमकडेही एक आहे. दालनं बदलत असतात, दुरुस्तीसाठी मूर्ती आत ठेवतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या म्युझियमच्या वेबसाइटवर मूर्ती मांडलेली आहे ना, एवढं बघून घ्या. काका-काकूंचा धाकटा मुलगा टोरांटोला असतो. काकूंनी तिथलं नाव माझ्या वहीतून लिहून घेतलं.

लंडनहून पॅरिस रेल्वेने अडीच तासांवर आहे, पण आपल्याला वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. पुढच्या वेळी तो काढूनच निघणार आहे.